सामायिक म्हणजे नेमके कोणाचे? साम्बा, पेशवे दफ्तर आणि साकोलीतला एक डबा

१) “तो डबा मेला आहे. त्यातले आता काही मिळायचे नाही.” हे वाक्य मी साकोली तालुक्यातल्या एका संस्थेच्या संगणक-खोलीत उभी राहून ऐकले. डबा जिवंत होता. दिवा लुकलुकत होता, पंखा फिरत होता. मेले होते ते त्याच्याशी बोलण्याचे आपले ज्ञान. हा थ्रेड त्या अज्ञानाविरुद्ध आहे, आणि त्याहून अधिक, ते अज्ञान मिरवणाऱ्या आपल्या इतिहासप्रेमी मंडळींविरुद्ध. लांब आहे, सावकाश वाचा.

२) डबा म्हणजे नेटवर्कवर जोडलेला फाइलींचा सामायिक साठा, ज्याला ‘नॅस’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून जुन्या कागदांची छायाचित्रे काढली आणि त्यात ठेवली. कागद कसले? वाजिब-उल-अर्जच्या नकला, निस्तारपत्रके, तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लिहिलेल्या वह्या. मूळ कागद त्या त्या घरी परत गेले. काहींना पुढे वाळवी लागली, काही पावसाने नेले.

३) पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजाची तलाव बांधण्यातली हातोटी इंग्रजी गॅझेटियरांनीही नोंदवली. मालगुजारी पद्धत मध्य प्रांतात होती. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने ती संपली आणि तलाव सरकारकडे गेले. म्हणून आजही लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात: माजी मालगुजारी तलाव.

४) तलाव सामायिक होता म्हणजे कुणीही यावे आणि पाट फोडावा, असे नव्हते. आधी कोणाचे शेत भिजेल, गाळ कोण काढील, पाळूवरच्या झाडांवर कोणाचा हक्क, गुरे कुठे उतरतील, याला गावाचा रिवाज होता. बंदोबस्ताच्या वेळी तो रिवाज वाजिब-उल-अर्जमध्ये उतरवला गेला. सामायिक वस्तूला नियम लागतात, आणि ते नियम वापरणाऱ्याला वाचता आले पाहिजेत. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे संगणकाच्या गोष्टीत तेच परत येणार आहे.

५) मला डब्याकडे धाडले ते एका वृद्ध शेतकऱ्याने. त्यांच्या गावच्या निस्तारपत्रकाची घरची प्रत वाळवीने खाल्ली होती. “पोरांनी फोटो काढला होता ना, बाई, तेवढा काढून द्या,” एवढीच मागणी. मी संस्थेत गेले आणि पहिल्या पोस्टमधले वाक्य ऐकून परत आले. भंगारवाला पुढच्या आठवड्यात येणार होता.

६) आता मुद्द्याचा इतिहास. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी एक युक्ती रचली. आपल्या संगणकाची डिस्क वाचण्यासाठी डॉस ज्या मागण्या करतो, त्याच मागण्या तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे पाठवायच्या. त्या काळी मोठी डिस्क आणि चांगला प्रिंटर महाग. प्रत्येक मेजावर एकेक ठेवणे परवडत नसे. एकाच यंत्राची फाइल आणि एकच प्रिंटर सगळ्यांनी वापरावा, या गरजेतून जी बोली घडली तिचे नाव सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजे एसएमबी.

७) मायक्रोसॉफ्टने ती बोली उचलली, वाढवली, आपल्या लॅन मॅनेजरमध्ये आणि पुढे विंडोजमध्ये बसवली. विंडोज घरोघर गेली, कचेऱ्यांत गेली, तहसिलीत आणि महाविद्यालयात गेली. परिणाम असा की जगातल्या असंख्य सामायिक फोल्डरांची भाषा एका कंपनीच्या ताब्यात आली. १९९६ मध्ये कंपनीने तिला सीआयएफएस हे नवे नाव दिले आणि काही तपशील जाहीरही केले. पण प्रत्यक्ष चालणाऱ्या बोलीतले बरेच काही कागदावर नव्हते.

८) मग येतो या कथेचा नायक. कॅनबेरा, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी, डिसेंबर १९९१. अँड्र्यू ट्रिजेल नावाचा पीएचडीचा विद्यार्थी. त्याच्या डॉसच्या यंत्राला विभागातल्या सन यंत्रांवरची जागा हवी होती. पण डिजिटल कंपनीचा पाथवर्क्स हा जोडणीचा कार्यक्रम सन यंत्रांशी बोलेना. नियमावली हाती नव्हती. तेव्हा त्याने तारेवरून जाणारे निरोप टिपायला सुरुवात केली.

९) ही पद्धत त्याने पुढे फ्रेंच कॅफेच्या उदाहरणाने समजावली. भाषा येत नाही, तर कोपऱ्यात बसा. गिऱ्हाईक काय म्हणते आणि वेटर काय आणून ठेवतो, हे पाहत राहा. मग तोच शब्द आपण उच्चारा. चुकलात तर काय येते तेही टिपून ठेवा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटायला हवे. अनोळखी हाताचे मोडी वाचताना आपण दुसरे काय करतो?

१०) जानेवारी १९९२ मध्ये त्याने आपला कार्यक्रम जगाला देऊन टाकला. पुढे ‘एसएमबीसर्व्हर’ या नावावर एका कंपनीने हक्क सांगितला, तेव्हा त्याने शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शोधले. जे मोजके शब्द मिळाले त्यांत ‘सॅमनबेरी’ हे रानफळ होते आणि ‘साम्बा’ हे ब्राझिलचे नृत्य. निवड योग्यच झाली म्हणायची.

११) साम्बाचे दोन चेहरे. एक सर्व्हर: लिनक्स यंत्र विंडोजला आपलेच भावंड वाटेल असे वागवणारा. दुसरा क्लायंट: काळ्या पडद्यावर शब्द टंकून परक्या सामायिक फोल्डरात शिरणारा. त्याचे नाव एसएमबीक्लायंट. पहिल्यावर ग्रंथ लिहिले गेले. मला दुसऱ्याबद्दल बोलायचे आहे, कारण माझ्या वृद्ध शेतकऱ्याचा कागद दुसऱ्याने परत दिला.

१२) पण आधी डबा ‘मेला’ कसा ते पाहू. एसएमबीची पहिली आवृत्ती फार जुनी आणि फार भोळी. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू पसरला. त्याने याच जुन्या आवृत्तीतले भगदाड वापरले. दीडशेच्या आसपास देशांतली यंत्रे त्यात सापडली, ब्रिटनची रुग्णालये ठप्प झाली. भगदाड बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न बसवलेल्या यंत्रांना किंमत मोजावी लागली.

१३) त्याच वर्षी विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या आवृत्तीपासून नव्या प्रतींत ही पहिली बोली मुळातच बसवली जाईना. २०१९ मध्ये साम्बानेही ४.११ या आवृत्तीत ती पूर्वनियोजित रीतीने बंद ठेवली. निर्णय योग्यच होता. विहिरीचे पाणी दूषित झाले तर तिच्यावर झाकण घालावेच लागते.

१४) आमच्या संस्थेत नवा संगणक आला, त्याने जुनी बोली बोलायचे नाकारले. डब्याला दुसरी बोली येत नव्हती. खिडकीत एकच ओळ उमटली: जोडता येत नाही. त्यावरून निष्कर्ष निघाला की डबा मेला. एका ओळीच्या पुराव्यावर मृत्यूचा दाखला! जो इतिहासाचा पदवीधर एका बखरीवर विसंबणाऱ्याला झोडपून काढतो, तोच इथे एका खिडकीवर निमूट विसंबला.

१५) आता काळ्या पडद्याकडे. रीतसर लेखी परवानगी घेतली, संस्थेने खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द दिला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होते. एसएमबीक्लायंट हा शब्द, पुढे उणेचिन्हाला जोडून मोठे एल हे अक्षर, मग डब्याचा पत्ता. याचा अर्थ: तुझ्याकडे सामायिक काय काय आहे त्याची यादी दे. यादीत फोल्डरही येतात, प्रिंटरही येतात, प्रत्येकाच्या पुढे त्याचा प्रकार लिहिलेला असतो.

१६) पहिल्या खेपेला यादी आली नाही, पण जे आले ते खिडकीच्या त्या ओळीहून कितीतरी मोलाचे होते. बोलीच जुळत नाही, असे यंत्राने स्पष्ट सांगितले. मग त्याच आज्ञेला एक पर्याय जोडला: एवढ्या जोडणीपुरती किमान बोली जुनी चालेल. डब्याने तात्काळ उत्तर दिले. तीन फोल्डर, एक प्रिंटर. तलावांचे कागद दुसऱ्या फोल्डरात.

१७) इथे माझा मुख्य दावा मांडते. काळा पडदा श्रेष्ठ आहे तो वेगामुळे किंवा रुबाबामुळे नव्हे. तो नकाराचे कारण सांगतो म्हणून. परवलीचा शब्द चुकला तर ‘लॉगऑन फेल्युअर’. शब्द बरोबर पण हक्क नाही तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. फोल्डराचे नावच चुकले तर ‘बॅड नेटवर्क नेम’. बोली जुळली नाही तर चौथेच उत्तर. चार वेगळे नकार, चार वेगळे उपाय.

१८) इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे चार नकार पाठ करावेत, कारण अभिलेखागारातही हेच चार असतात. तुमची ओळख पटत नाही. ओळख पटते पण अधिकार नाही. तुम्ही मागता त्या नावाचा रुमालच नाही, तो दुसऱ्या नावाने आहे. रुमाल आहे, समोर आहे, पण लिपी तुम्हाला येत नाही. या चारही स्थितींना आपण सरसकट एकच शब्द वापरतो: ‘साधने उपलब्ध नाहीत.’ किती प्रबंध या आळशी वाक्यावर उभे आहेत!

१९) पेशवे दफ्तराचे उदाहरण घ्या. पुण्यात हजारो रुमाल मोडी लिपीत बांधलेले होते. इंग्रज सरकारने ते सांभाळले हे खरे. पण दीर्घकाळ भारतीय अभ्यासकांना तिथे मोकळा प्रवेश नव्हता. कागद आपल्या पूर्वजांचे, इमारत आपल्या शहरात, आणि दारावर नकार. तांत्रिक भाषेत सांगायचे तर सामायिक फोल्डर होते, यादी दिसत होती, वाचण्याचा हक्क नव्हता.

२०) तेव्हा विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी काय केले? दार उघडण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. गावोगाव फिरले, वाड्यांतून आणि माळ्यांवरून कागद जमवले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. दफ्तरातल्या निवडक कागदांचे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेले ४५ भाग निघायला १९३० साल उजाडावे लागले.

२१) ट्रिजेल आणि राजवाडे यांची तुलना अतिशयोक्त वाटेल. स्वभाव आणि काळ वेगळे, मान्य. पण कृतीचा गाभा पाहा. ज्याच्या ताब्यात दार आहे त्याच्या मर्जीवर विसंबायचे नाही. बाहेर जे मिळते त्यावरून काम उभे करायचे. आणि मिळवलेले सर्वांना वाचायला द्यायचे. दोघांनीही शेवटची पायरी चुकवली नाही. ज्ञान मिळवून कुलूप लावणारे आपल्याकडे रग्गड आहेत.

२२) दार पुढे साम्बासाठीही उघडावे लागले. १९९८ मध्ये सन कंपनीने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. मार्च २००४ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरांना आपल्याशी बोलता येईल एवढी माहिती देण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. त्याच डिसेंबरात एकदाच १०,००० युरो भरून साम्बाच्या मंडळींना ती कागदपत्रे मिळाली.

२३) लक्षात घ्या, पंधरा वर्षे काम आधी झाले, हक्क नंतर मिळाला. आणि ते काम नसते तर न्यायालयासमोर ‘असे करणे शक्य आहे’ याचा जिवंत पुरावाही नसता. परवानगीच्या लढाईला कारागिरीचा आधार लागतो. आपल्याकडे ठराव पुष्कळ होतात. कारागिरी मात्र कोणीतरी दुसऱ्याने करायची असते.

२४) आता आक्षेप. पहिला: “माउसने होते की, मग हा खटाटोप कशाला?” होते तोवर जरूर माउस वापरा, मीही वापरते. प्रश्न न झाल्यावर काय, हा आहे. शिवाय दीड हजार छायाचित्रे एकेक ओढून काढणार? एसएमबीक्लायंटमध्ये आतल्या फोल्डरांत आपोआप शिरण्याची सूचना द्यायची, दर फाइलीला विचारणे बंद करायचे आणि सगळे एकदम मागायचे. हवे तर सर्व काही एका टार गठ्ठ्यात बांधून घेता येते; त्यात फाइलींच्या मूळ तारखा टिकतात.

२५) त्या तारखांवर क्षणभर थांबा. मूळ कागद गेल्यावर छायाचित्र केव्हा काढले, हीसुद्धा साधनाची ओळख असते. उत्साहाने नक्कल करताना सर्व फाइलींवर आजची तारीख उमटली, तर आपण पुराव्याचा एक थर आपल्याच हाताने पुसला. सनावळीवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या मंडळींनी या बाबतीत इतके बेफिकीर असावे, याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

२६) दुसरा आक्षेप: “हा इतिहास नव्हे, ही संगणकवाल्यांची बाब.” मग दख्खनी कागद कसा बनला, शाई कशी केली, मोडीची वळणे कशी बदलली, हाही इतिहास नव्हे काय? १९९० नंतरच्या महाराष्ट्राची साधने याच डब्यांत पडली आहेत. ग्रामपंचायतींची पत्रे, सहकारी संस्थांची इतिवृत्ते, चळवळींची पत्रके. उद्याचा संशोधक ती उघडायला येईल तेव्हा त्याला डब्यांची बोली कोण शिकवणार?

२७) तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: “हे शिकवले की पोरे दुसऱ्यांच्या फोल्डरांत घुसतील.” भाषा येणे आणि हक्क असणे या दोन गोष्टी आहेत. मोडी येते म्हणून कोणी दुसऱ्याच्या घरची पेटी उघडत नाही. ज्या यंत्रावर तुम्हाला रीतसर प्रवेश नाही तिथे जाणे गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहावा. माझी परवानगी लेखी होती; तुमचीही असू द्या.

२८) प्रामाणिकपणे हेही सांगते की मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. वॉनाक्रायच्याच महिन्यात साम्बातही एक गंभीर भगदाड जाहीर झाले आणि दुरुस्ती निघाली. म्हणून मी जुनी बोली कायमची चालू ठेवली नाही. डबा बाकी जाळ्यापासून तोडला, फक्त माझ्या लॅपटॉपला जोडला, कागद बाहेर काढले, दोन ठिकाणी प्रती ठेवल्या, आणि मग त्याला निवृत्त केले.

२९) माझी तक्रार जुनी बोली बंद करण्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती वारस न नेमता बंद करण्याबद्दल. विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून गेली, बाळबोध आली. छपाईला ते सोयीचे झाले. पण मोडीतल्या गठ्ठ्यांचे लिप्यंतर त्या प्रमाणात झाले नाही. म्हणून आज जमिनीच्या जुन्या कागदासाठी लोक मोडी-वाचक शोधत फिरतात. तीच चूक आपण दुसऱ्यांदा करत आहोत, आणि या वेळी दोष द्यायला इंग्रजही नाहीत.

३०) प्रिंटरचे राहिले. एसएमबीक्लायंटने सामायिक प्रिंटरलाही जोडता येते आणि ‘प्रिंट’ ही आज्ञा देऊन फाइल पाठवता येते. मात्र फाइल त्या प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत हवी, नाहीतर पानामागून पान निरर्थक चिन्हे बाहेर पडतात. माझी पहिली चार पाने तशीच वाया गेली. पाचवे पान निस्तारपत्रकाचे आले.

३१) ते पान मी त्या आजोबांना नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावून आधी गावाचे नाव वाचले, मग तलावाचे, मग बोटाने ओळ धरून पाण्याच्या पाळ्या मोठ्याने वाचत गेले. एका नावापाशी थांबून म्हणाले, “हा आमचा आजा.” मग त्यांनी कागदाची घडी घातली नाही, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला. वाळवीचा अनुभव होता ना.

३२) इतिहासप्रेमी मित्रहो, तुमच्याकडे माझी मागणी एवढीच. आपापल्या गावातला, महाविद्यालयातला, मंडळातला असा एक तरी ‘मेलेला’ डबा शोधा. परवानगी घ्या. भंगारात जाण्याआधी त्याला त्याच्या बोलीत हाक मारून पाहा. नकार आला तर तो चारांपैकी कोणता आहे ते ओळखा आणि लिहून ठेवा.

३३) किल्ल्यावर जाऊन छायाचित्र काढण्याइतके हे देखणे काम नाही. काळ्या पडद्याला पसंतीचे बदाम मिळत नाहीत. पण ज्या कागदावर कुणाच्या शेताच्या पाण्याची पाळी लिहिलेली आहे, तो वाचवणारा माणूस स्वतःला इतिहासाचा विद्यार्थी म्हणवून घेऊ शकतो. डबा उघडायला अडलात तर खाली लिहा. मला येते तेवढे सांगेन, येत नाही ते आपण मिळून शोधू. थ्रेड समाप्त.